पेन्सिल सेलचा कॅमेरा? आधी सेल बदला

जुना डिजिटल कॅमेरा घेतलात, छान केलंत! सेल पटापट संपतात, यात दोष बहुधा कॅमेऱ्याचा नाही. साधे अल्कलाइन सेल घड्याळाला, रिमोटला ठीक. कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो, या सेलचं व्होल्टेज खाली येतं आणि आत चार्ज शिल्लक असूनही कॅमेरा बंद पडतो. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्या, शक्यतो एनेलूप या ब्रँडसारखे, नुसते पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे. त्यांवर साध्या सेलच्या १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेलं दिसेल. घाबरू नका, बहुतेक कॅमेऱ्यांना चालतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- नवे-जुने सेल एकत्र घालणं. जोडी कायम ठेवा.
- उजेड असतानाही फ्लॅश चालू ठेवणं.
- प्रत्येक फोटो स्क्रीनवर बघत बसणं.

सेलवर लिहिलेल्या क्षमतेचा (मिलिअँपिअर-तासांचा) हिशोब सध्या नकोच.