हिरवी रेषा कोणाची?

प्रश्न : भाऊ, रावेरकडे आमची केळीची बाग आहे. मुलगी जळगावला बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. ताऱ्यांवर संशोधन करायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. तुमचा जन्म दुर्बिणीवर गेला. रात्र रात्र तारे पाहून हाती काय येतं?
– एक पालक

उत्तर : खरं सांगू का भाऊ, तारे मी फार कमी पाहिले. मोठ्या दुर्बिणीला डोळा लावायची पाळी यायची ती पाहुण्यांना शनी दाखवायचा असला तर. माझं काम तिच्या बुडाशी बसवलेल्या वर्णपटमापकाशी. ताऱ्याचा उजेड बारीक फटीतून आत घ्यायचा, त्याचे रंग फाकवायचे, आणि त्या पट्ट्यातल्या रेषा मोजायच्या. रेषा म्हणजे ताऱ्याचा सातबाराच. आत कोणती मूलद्रव्यं, तापमान किती, तारा आपल्याकडे येतोय की लांब चाललाय, सगळ्याची नोंद तिथे. तमिळनाडूतल्या कवलूरची वेधशाळा उभी करणारे वेणू बाप्पू आणि ऑलिन विल्सन यांनी १९५७ मध्ये दाखवलं, की थंड ताऱ्यांत कॅल्शियमच्या ‘के’ नावाच्या काळ्या रेषेच्या मधोमध जी उजळ रेघ असते, तिच्या रुंदीवरून ताऱ्याचं खरं तेज काढता येतं. खरं तेज कळलं, की अंतर निघतं. नुसती रेघेची रुंदी मोजून!

आता माझी एक फजिती. नोकरीत नवा होतो. एका ताऱ्याच्या आलेखात ५४६१ अँगस्ट्रॉमला (उजेडाची तरंगलांबी मोजायचं हे माप) हिरवी रेषा डोकं वर काढून उभी. आदल्या वेधांत ती नव्हती. मला वाटलं, लागला शोध! दोन रात्री झोप नाही, टिपणाचा मसुदाही तयार. कॅमेरा थंड ठेवायला द्रव नायट्रोजन ओतायला येणारा आमचा मेकॅनिक मागून म्हणाला, ‘साहेब, आलेख राहू द्या, मूळ चित्र उघडा.’ उघडलं. ताऱ्याचा पट्टा चित्राच्या मधोमध, बारीक. रेषा मात्र फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेली. ताऱ्याची असती तर पट्ट्यापुरतीच राहिली असती. ती होती पाऱ्याची, खालच्या गावातल्या रस्त्यावरच्या दिव्यांची. त्या रात्री पातळ ढग आले होते, त्यांनी गावाचा उजेड आमच्याकडे परतवला, आणि आकाशाचा उजेड वजा करायचा मी विसरलो होतो.

खात्री करायची आणखी एक रीत आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. त्यामुळे क्रांतिवृत्ताजवळच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वाटेजवळच्या ताऱ्याच्या रेषा वर्षभरात ५४६१च्या आसपास अर्धा अँगस्ट्रॉम इकडे, अर्धा तिकडे सरकतात. दिव्याची रेषा कशाला सरकेल? पण न हलणारी प्रत्येक रेषा केरात टाकायची नसते. मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण असतो ना, त्यातल्या एका टोकाचा तारा जोडतारा आहे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे तारे. १९०४ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ हार्टमान यांना दिसलं, की त्याच्या बाकीच्या रेषा झोके घेतात आणि कॅल्शियमची रेषा जागची हलत नाही. ती ताऱ्याची नव्हती आणि इथल्या कुठल्या दिव्याचीही नव्हती. वाटेत, ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत पसरलेल्या वायूची होती. पोकळी पोकळ नाही, हे अशा एका हट्टी रेषेने कळवलं.

हाती काय येतं म्हणाल तर हे. आणि पगारही येतो, आधी विद्यावेतन. मुलीला एम.एस्सी. करू द्या, जेस्ट आणि नेट या संशोधनासाठीच्या परीक्षांची तयारी करू द्या. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, हे आजच सांगून ठेवतो. लग्नाच्या बोलण्यात नंतर तोच मुद्दा निघतो. माझ्या वडिलांचं भुसावळला मोटार वायंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटार आली की ते आधी वास घ्यायचे, मीटर नंतर लावायचे. मला उपकरणांची नोकरी त्या दुकानाने दिली, असं मी मानतो. मुलीने शेतातल्या पंपाचा स्टार्टर कधी उघडून पाहिलाय का, तेवढं विचारा. पाहिला असेल, तर बी.एड.चा विषय घरात काढू नका.

प्रश्न : मामांनी लहान दुर्बीण दिली. आमच्या स्लॅबवरून गुरू पाण्यात पडल्यासारखा हलतो. भिंगं खराब आहेत का?
– इयत्ता नववी, भुसावळ

उत्तर : भिंगं बरी असावीत, स्लॅब खराब आहे. दिवसभर तापलेला स्लॅब अर्ध्या रात्रीपर्यंत गरम हवा वर सोडत राहतो, आणि तू त्या हवेतून गुरू पाहतोस. दुर्बीण घराबाहेर मातीवर मांड, तासभर आधी काढून ठेव म्हणजे नळीही निवेल. शेजारच्या कूलरची झुळूक तिच्यावर येऊ देऊ नकोस. तरी हलला, तर पहाटे चारला गुरू वर असेल त्या दिवसांत परत बघ आणि मला कळव.