कुलचिन्ह, काचचित्र की ढालचिन्हाचे तावदान?

एका वाचक भगिनीने झुरिचच्या राष्ट्रीय संग्रहालयात, म्हणजे लांडेसम्युझियममध्ये, हातभर उंचीच्या चित्रित काचा पाहिल्या. मध्ये ढाल, ढालीवर चिन्ह, बाजूला एखादा संत, खाली नाव आणि साल. पाटीवर जर्मन शब्द होता 'वापेनशायबे'. त्यांनी आपल्या लेखात त्याचे मराठी 'कुलचिन्हांकित रंगीत काच' असे केले आहे. ते बरोबर आहे का, आणि त्या ख्रिस्ती व्यक्तींना 'संत' म्हणावे की 'सेंट', असे त्यांनी विचारले आहे.

थोडक्यात सांगायचे तर 'संत' खुशाल म्हणावे, 'रंगीत काच' अपुरे पडते आणि 'कुलचिन्ह' चुकीच्या दिशेला नेते. का, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण या काचा आहेत काय हे कळल्याशिवाय शब्द ठरवता येत नाही.

'शायबे' म्हणजे खिडकीच्या चौकटीत बसवलेली काच. त्याला मराठीत 'तावदान' हा उत्तम शब्द आहे. तो फारसी 'ताबदान'वरून आला. तिकडे त्याचा अर्थ उजेडासाठी ठेवलेली खिडकी, झरोका. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या स्विस काचांना तो चपखल बसतो. त्या चर्चच्या भव्य खिडक्यांसारख्या दुरून पाहायच्या नव्हत्या. साधारण तीस-चाळीस सेंटिमीटरचे हे तुकडे साध्या काचांच्या खिडकीत मध्यभागी, डोळ्यांच्या उंचीवर बसवत आणि जवळ जाऊन वाचत. हो, वाचतच, कारण खालच्या पट्टीवर देणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि साल असे.

'रंगीत काच' का अपुरे? रंग तिथे निरनिराळ्या रीतींनी येतो. काही काच मुळातच रंगीत असते. लाल रंगाची काच पूर्ण जाडीची केली तर जवळजवळ काळीच दिसते, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवत. मग तो थर हवा तिथे घासून काढला की लाल ढालीवर पांढरे चिन्ह उमटे, मध्ये शिशाची पट्टी घालावी लागत नसे. रेघा आणि छाया काढायला काळा रंग असे. लोखंडाची किंवा तांब्याची भस्मे आणि काचेची पूड यांचा तो लेप भट्टीत भाजून पक्का करत. पिवळ्याची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. चांदीचे संयुग काचेच्या मागल्या अंगाला लावून तापवले की चांदी काचेत शिरते आणि तेवढा भाग सोनेरी पिवळा होतो. हा रंग काचेवर बसत नाही, काचेत मुरतो. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून मिन्याचे रंगही आले, आणि एकाच तुकड्यावर निळा, जांभळा, हिरवा कुंचल्याने भरता येऊ लागला.

या साऱ्याला मिळून मी 'चित्रकाच' म्हणेन. 'काचचित्र' मात्र टाळावे. आपल्याकडे तो शब्द काचेच्या पाठीमागून रंगवलेल्या चित्रांसाठी रुळला आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अशी चित्रे आहेत. ती अपारदर्शक असतात, भिंतीवर टांगतात आणि समोरून पडणाऱ्या प्रकाशात पाहतात. स्विस तावदानाला प्रकाश मागून लागतो. दोन्हींना एकच नाव दिले तर वाचकाच्या मनात भलतेच चित्र उभे राहील.

आता 'वापेन'. हा शब्द आणि जर्मन 'वाफे', म्हणजे शस्त्र, हे मुळात एकच. योद्ध्याच्या ढालीवरचे चिन्ह म्हणून शस्त्राचा शब्द चिन्हाला चिकटला आणि पुढे दोन रूपे वेगळी झाली. इथे 'कुल' कुठेच नाही. घराण्यांना ही चिन्हे होती, पण तितकीच ती शहरांना, कँटनांना (म्हणजे स्विस संघातल्या घटक राज्यांना), कारागिरांच्या संघांना, मठांना आणि मठाधिपतींनाही होती. स्वित्झर्लंडमध्ये चिन्ह धारण करणे ही सरदारांची मिरास नव्हती. साधा शेतकरीही नांगराचा फाळ ढालीवर काढून घेई. झुरिच शहराच्या निळ्या-पांढऱ्या ढालीला 'कुलचिन्ह' म्हटले तर कोणाचे कुल, हा प्रश्न उरतोच. शिवाय मराठी मनात 'कुल' म्हटले की कुलदैवत आणि देवक येते. देवक पुजायचे असते, ते ढालीवर मिरवायचे नसते.

'लांछन' हा जुना पर्याय मला मनापासून आवडला असता. बदामीच्या चालुक्यांचे वराहलांछन प्रसिद्ध आहे. पण आज लांछन म्हणजे डाग, आणि तो अर्थ आता पुसता येणार नाही. 'राजचिन्ह' संस्थानांना शोभते. १८७७च्या दिल्ली दरबारात इंग्रजांनी संस्थानिकांना युरोपीय घाटाच्या ढालीत चिन्हे बसवलेली निशाणे दिली, त्यांना ते म्हणता येईल. स्विस कँटनांना मात्र स्वतःचा राजाच नव्हता. म्हणून मी 'ढालचिन्ह' सुचवतो. चिन्ह कुणाचेही असो, ते ढालीवर असते, एवढेच तो शब्द सांगतो.

एका प्रकारात मात्र 'कुल' खरोखर येते, तेही दुप्पट. नवरा-बायकोने मिळून दिलेल्या तावदानात दोन ढाली असतात, एक नवऱ्याच्या घराण्याची आणि दुसरी बायकोच्या माहेरची. लग्नानंतरही तिची ढाल माहेरचीच राहते. अनेकदा नवरा शस्त्रे लेवून उभा असतो आणि ती त्याला पेला देत असते.

मी 'दिलेले तावदान' म्हटले ते मुद्दाम. ही तावदाने स्वतःच्या घरासाठी क्वचितच केली जात, ती भेट म्हणून दिली जात. कुणी नवे घर, खानावळ किंवा नगरसभागृह बांधले की तो शेजारच्या शहरांकडे, कँटनांकडे, मित्रांकडे खिडकी आणि ढालचिन्ह मागत असे. आपल्याकडच्या भिंतीवरच्या घड्याळावर जसे 'यांजकडून सप्रेम भेट' असते, तसे त्या पट्टीवरचे नाव. मागण्या इतक्या वाढल्या की कँटनांच्या सभेत, टागसाट्सुंगमध्ये, त्यांच्यावर चर्चा होऊ लागली. याच सभेच्या बाडेन गावातल्या दालनासाठी झुरिचच्या लुकास झाइनरने १५००-०१मध्ये कँटनांची तावदाने केली.

पाट्यांवर 'श्टांडेसशायबे' दिसेल ते हेच. जुन्या संघराज्यात कँटनला 'श्टांड' म्हणत. आजच्या संसदेच्या एका सभागृहाच्या नावात, श्टेंडेराटमध्ये, तो शब्द टिकून आहे. त्याला 'कँटनचे तावदान' म्हणावे. त्यात कँटनच्या दोन ढाली एकमेकींकडे कललेल्या असतात आणि वर पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे कँटन ज्याचा भाग होते त्या जर्मन साम्राज्याचा, मुकुट व दोन डोक्यांचा गरुड. त्याला 'गंडभेरुंड' म्हणायचा मोह आवरावा. आपल्या किल्ल्यांवरचा गंडभेरुंड पायांत हत्ती धरतो, त्याचे कुळच निराळे. १६४८च्या वेस्टफालियाच्या तहाने हे कँटन साम्राज्यातून अधिकृतपणे सुटले आणि हळूहळू तो गरुडही तावदानांतून गेला.

राहिले संत. संत फ्रान्सिस झेवियर म्हणताना आपण अडखळत नाही, मग संत फेलिक्स म्हणायला काय हरकत? या संतांची दोन नाती मात्र वेगळी ओळखावीत. काही संत गावाचे, ग्रामदैवताच्या जागी असलेले: झुरिचचे फेलिक्स आणि रेगुला स्वतःची छाटलेली शिरे हातात घेऊन उभे असतात, लुत्सर्नच्या लेओडेगारच्या हातात गिरमिट असते, कारण त्याचे डोळे गिरमिटाने फोडले गेले. दुसरे संत देणाऱ्याच्या नावाचे. मठाधिपती गुडघे टेकून बसलेला आणि त्याच्या नावाचा संत मागे उभा. त्याला मराठीत 'पाठीराखा संत' म्हणावे. तो शब्दशः पाठीशी उभा असतो.

धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट शहरांच्या तावदानांतून संत गेले आणि त्यांच्या जागी सिंह आणि निशाण धरलेले शिपाई राहिले. कॅथलिक प्रदेशात संत टिकले. मुरीच्या कॅथलिक मठातल्या ओवऱ्यांसाठी ही कामे करणारा कार्ल फॉन एगेरी मात्र प्रोटेस्टंट झुरिचचा होता. ग्लारुसची गोष्ट आणखी निराळी. तिथे बहुसंख्य लोक प्रोटेस्टंट झाले, तरी संत फ्रिडोलिन खुद्द ढालीवरच असल्यामुळे आजही कँटनच्या चिन्हात आहे. तावदानांत त्याच्यासोबत हाडांचा सापळा दिसतो. तो उर्सो. त्याने मठाला जमीन दिली होती, पण तो गेल्यावर त्याच्या भावाने ते दान नाकारले, तेव्हा फ्रिडोलिनने उर्सोला थडग्यातून उठवून साक्षीला नेले, अशी कथा आहे.

तेव्हा त्या भगिनींच्या लेखात असे चालेल: 'मठाधिपतीचे ढालचिन्ह-तावदान, पाठीराख्या संतासह, चित्रकाच'. 'ढालचिन्ह' कानाला नवे वाटले तर पहिल्यांदा 'ढालीवरचे चिन्ह' असे लिहून मग जोडशब्द वापरावा.