पेंग्विन रँडम हाउस ही एकच कंपनी आहे का, आणि ती एवढी मोठी कशी झाली?

तुम्ही विचारलंय की पुस्तकांवर नावं वेगवेगळी असतात, वायकिंग, हॅमिश हॅमिल्टन, एबरी, पफिन, पण आत कॉपीराइटच्या पानावर बघावं तर सगळीकडे पेंग्विन रँडम हाउस, तर ही एकच कंपनी आहे का, एवढी मोठी कशी झाली आणि आत काम कसं चालतं. मी नऊ वर्षं इंग्रजी पुस्तकांच्या एका वितरकाकडे होतो, पुणे-सातारा-कोल्हापूर-बेळगाव ही माझी लाईन, त्यामुळे या विषयावर कोणी विचारलं की मला राहवत नाही. थोडं लांबेल, चालवून घ्या.

आधी सरळ उत्तर. हो, मालक एकच आहे, जर्मनीतली बर्टल्समान. ही सगळी नावं म्हणजे इम्प्रिंट, एकाच कंपनीची पुस्तकं ज्या वेगवेगळ्या नावांनी निघतात ती, जगभरात मिळून ३०० च्या वर आहेत. पण पेंग्विनची सुरुवात झाली ती इंग्लंडात, आणि तीही पुस्तकं कशी निवडायची यापेक्षा ती विकायची कुठे या विचारातून झाली, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

ॲलन लेन हा बॉडली हेड नावाच्या लंडनच्या प्रकाशन संस्थेत होता, काकांची संस्था, आणि १९३४ च्या सुमारास ती डबघाईला आलेली. गोष्ट अशी सांगतात की तो अगाथा ख्रिस्तीला भेटून परत येत होता, एक्सेटर स्टेशनवर गाडीची वाट बघत थांबला आणि स्टॉलवर वाचण्यासारखं काही सापडेना. तेव्हा तिकडे कादंबरी म्हणजे पुठ्ठा बांधणीची, साडेसात शिलिंगांची. स्वस्त पुस्तकं होती पण बहुतेक ती टाकाऊ समजली जायची. लेनने ठरवलं की चांगल्याच लेखकांची पुस्तकं काढायची पण सहा पेन्सला, म्हणजे दहा सिगारेटच्या पाकिटाच्या किमतीत. साडेसात शिलिंग म्हणजे ९० पेन्स, म्हणजे किंमत सरळ पंधरावा हिस्सा केली!

३० जुलै १९३५ ला पहिली दहा पुस्तकं आली. एकही नवीन नव्हतं, सगळी आधी निघालेली, बहुतेक दुसऱ्या प्रकाशकांकडून हक्क घेऊन काढलेली, आणि हक्काचे दर प्रतीमागे जेमतेम एक फार्दिंग. सहा पेन्सचे चोवीस फार्दिंग होतात, तेव्हा मूळ प्रकाशकाच्या हातात काय पडत असेल बघा, आणि त्यातून पुढे लेखकाला. त्यामुळे बाकी प्रकाशक चिडलेले, की हा माणूस धंदा बुडवणार. आणि गणित खरंच अवघड होतं, प्रत्येक पुस्तकाच्या साधारण १७-१८ हजार प्रती खपल्या तरच खर्च निघणार, आणि पुस्तकांच्या दुकानांतून आगाऊ ऑर्डर आल्या त्याच्या निम्म्यासुद्धा नाहीत. मग लेन वुलवर्थकडे गेला. वुलवर्थ म्हणजे सुया, बटणं, कपबशा असलं सगळं स्वस्तात विकणाऱ्या दुकानांची साखळी, आणि त्यांनी ६३ हजारांच्या वर प्रतींची ऑर्डर दिली. तिथे कंपनी वाचली. जो माणूस पुस्तकाच्या दुकानाची पायरीच चढत नाही त्याला पुस्तक बटणांच्या शेजारी मिळालं. मी लाईनवर असताना एसटी स्टँडवरच्या स्टॉलचा खप बघायचो तेव्हा मला हे दरवेळी आठवायचं.

जानेवारी १९३६ मध्ये पेंग्विन वेगळी कंपनी झाली, आणि पहिल्या वर्षभरात ३० लाख प्रती विकल्या. गोडाऊन कुठे होतं तर लंडनमध्ये मॅरिलबोन रोडवरच्या एका चर्चच्या तळघरात! वरून गठ्ठे खाली सोडायला त्यांनी जत्रेतली घसरगुंडी बसवलेली. मुखपृष्ठावर चित्र नाही, नुसते तीन आडवे पट्टे, कथा-कादंबरी नारिंगी, रहस्यकथा हिरवी, चरित्र गडद निळं. दुरूनच कळायचं कुठलं काय ते. कंपनीच्या खुणेतला पेंग्विन पक्षी काढला तो एडवर्ड यंग नावाच्या २१ वर्षांच्या पोराने, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन, समोर बघून.

आपल्याकडे फार कोणाला माहीत नसतं पण १९३७ मध्ये पेलिकन ही माहितीपर पुस्तकांची मालिका सुरू झाली तिच्या पहिल्या संपादकांत आपले व्ही. के. कृष्ण मेनन होते, तेच, पुढे संरक्षणमंत्री झालेले. मग युद्ध आलं, कागदाचं रेशनिंग झालं, पण कोटा ठरला युद्धाआधीच्या वर्षीच्या वापरावर, आणि पेंग्विनचं ते वर्ष जोरात गेलेलं असल्याने कागद बऱ्यापैकी मिळाला. शिवाय पुस्तक सैनिकाच्या खिशात बसायचं. १९४० मध्ये मुलांसाठी पफिन, १९४६ मध्ये क्लासिक्स. १९६० साली डी. एच. लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्ली' या कादंबरीवरून अश्लीलतेचा खटला झाला, तोपर्यंत कंपनीने २ लाख प्रती छापून ठेवलेल्या, निकाल बाजूने लागला आणि नंतर त्या लाखोंनी गेल्या. पुढच्याच वर्षी शेअर बाजारात आले.

लेन १९७० मध्ये वारला आणि लगेच पिअरसन या मोठ्या ब्रिटिश कंपनीने पेंग्विन घेतली. इथून पुढची वाढ मुख्यतः खरेदीची आहे. १९७५ मध्ये अमेरिकेतलं वायकिंग, नंतर हॅमिश हॅमिल्टन वगैरे. तिकडे रँडम हाउस ही वेगळीच अमेरिकन कंपनी, १९२७ ची, ती १९९८ मध्ये बर्टल्समानने घेतलेली. १ जुलै २०१३ ला दोन्ही एकत्र झाल्या आणि पिअरसन हळूहळू बाहेर पडत २०२० मध्ये सगळा हिस्सा बर्टल्समानकडे गेला. त्यानंतर त्यांना सायमन अँड शुस्टर ही अमेरिकन प्रकाशन कंपनीही घ्यायची होती, २१७ कोटी डॉलरच्या वर सौदा ठरलेला, पण अमेरिकन सरकार कोर्टात गेलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाने अडवला. सरकारचं म्हणणं हे की मोठा ॲडव्हान्स, म्हणजे लेखकाला आधीच द्यायची रक्कम, देऊ शकणारे प्रकाशक मुळात पाच, त्यातले दोन एक झाले तर लेखकाला मिळणारा पैसा कमी होईल. साधारणपणे अशा केसमध्ये गिऱ्हाइकाला महाग पडेल का हे बघतात, इथे लिहिणाऱ्याचं काय हे बघितलं गेलं, मला हे फार योग्य वाटलं.

आता तुमचा इम्प्रिंटचा प्रश्न. प्रत्येक इम्प्रिंटला स्वतःचे संपादक, स्वतःचं बजेट, स्वतःची आवड असते. अमेरिकेत तर एकाच कंपनीतले दोन इम्प्रिंट एका हस्तलिखितासाठी एकमेकांविरुद्ध बोली लावतात, फक्त बाहेरचा कोणीतरी बोलीत असला पाहिजे असा नियम. संपादकाला पुस्तक आवडलं की तो मीटिंगमध्ये हिशोब मांडतो, किती प्रती जातील, किंमत किती, छपाई किती, ॲडव्हान्स किती, आणि तिथे सेल्सचा माणूस बसलेला असतो, त्याचं म्हणणं वजनदार असतं. पण छपाईचा हिशोब, गोडाऊन, ट्रक, वसुली हे सगळं सामाईक. खरी ताकद तिथे आहे. शंभर नव्या पुस्तकांतली थोडीच पैसा आणतात, घर चालतं ते बॅकलिस्टवर, म्हणजे वर्षानुवर्षं खपणाऱ्या जुन्या पुस्तकांवर, आणि जितक्या कंपन्या घ्याल तितकी बॅकलिस्ट मोठी.

भारतात पेंग्विनवाले १९८५ मध्ये कोलकात्याच्या आनंद बाजार पत्रिकेबरोबर भागीदारीत आले, पहिली पुस्तकं १९८७ ला, डेव्हिड डेविदार संपादक. दिलीप चित्र्यांनी इंग्रजीत आणलेले तुकोबा १९९१ मध्ये इथूनच निघाले, ती प्रत माझ्याकडे आहे आणि मी ती कोणाला देत नाही. २०१८ मध्ये त्यांनी हिंद पॉकेट बुक्स घेतलं, ज्यांनी एकेकाळी एक रुपयात हिंदी पुस्तकं काढून लेनसारखंच काम केलेलं.

धंद्याची एक बाजू बाहेर दिसत नाही, ती म्हणजे रिटर्न. दुकानदाराला छापील किमतीवर ३५-४० टक्के डिस्काउंट आणि न खपलेलं परत करायची मुभा. मार्चमध्ये आमच्या गोडाऊनला पाय ठेवायला जागा नसायची. एकेक खोका उघडायचा, प्रती मोजायच्या, किमतीचं स्टिकर नखाने हळूच सोडवायचं, काचेच्या शोकेसमध्ये ऊन लागून स्पाईनचा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीचा, नारिंगी रंग उडालेला असला की ती प्रत वेगळी काढायची. एका दुकानाने एकदा पावसात भिजलेले सात खोके तसेच पाठवले होते, पानं एकमेकांना चिकटलेली, ती पुस्तकं रद्दीत घालताना मला रात्री जेवण गेलं नाही. एवढी मोठी कंपनी ते नुकसान सोसू शकते. हजार प्रतींची आवृत्ती काढणारा आपला मराठी प्रकाशक दोनशे प्रती परत आल्या तर वर्षभर उठत नाही. मोठेपणाचा खरा फायदा विचाराल तर हाच आहे.

घरी असलेलं कुठलंही त्यांचं पुस्तक घ्या आणि कॉपीराइटचं पान नीट वाचा. इम्प्रिंट कोणता, आधी कोणी काढलेलं, भारतात छापलं की बाहेरून आलं, आणि फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी अशी ओळ आहे का (ती असेल तर किंमत बहुतेक इथल्या हिशोबाने कमी ठेवलेली असते), हे सगळं तिथे मिळेल. खाली १० ९ ८ ७ अशी उलटी आकड्यांची रांग असते. प्रत्येक नव्या छपाईला त्यातला एक आकडा काढून टाकतात, उरलेल्यात सगळ्यात लहान जो असेल तितक्याव्या छपाईची तुमची प्रत.