गुहेत राहणाऱ्या आंधळ्या महाकाय पक्ष्याला खेळात शत्रूचा सुगावा कसा लागावा?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी असा पक्षी रचत असाल, तर त्याला ६० फुटांपर्यंतची 'ब्लाइंडसाइट' (डोळ्यांविना आसपासचे जाणण्याची शक्ती) द्यावी. मात्र बहिरा झाल्यास ती नाहीशी होते, ही खेळातल्या वटवाघळाला असलेली अट त्यालाही लावावी, कारण जिंकण्याची खरी फट खेळाडूंना तिथेच सापडते आणि आवाज बंद पाडणारा 'सायलेन्स' हा मंत्र अचानक मोलाचा ठरतो. दक्षिण अमेरिकेतील ग्वाचारो हा पक्षी आणि वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरील गुहांत घरटी करणारी पाकोळी (दोघेही डोळस, हे खरे) गडद अंधारात टकटक आवाज काढून प्रतिध्वनीवरून वाट शोधतात. वटवाघळांच्या बहुतेक हाका मानवी कानांपलीकडच्या असतात, हा आवाज मात्र माणसाला ऐकू येतो. म्हणून पक्षी समोर येण्यापूर्वी खेळाडूंना केवळ ती टकटक ऐकवावी.