भर समुद्रात रोमिंग चालते का?

प्रश्न : आई-बाबा मुंबईहून क्रूझवर निघाले आहेत. आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक पुरेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बहुधा नाही. किनाऱ्यावरच्या टॉवरची रेंज काही मैलांतच संपते. त्यापुढे, साधारण १२ सागरी मैलांनंतर, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरनंतर, जहाजावरचाच छोटा टॉवर सुरू होतो, जो उपग्रहामार्गे जोडलेला असतो आणि ज्याचे दर नेहमीच्या पॅकमध्ये सहसा धरलेले नसतात. स्क्रीनवरचे नेटवर्कचे नाव बदलते, पण वडीलधाऱ्यांच्या ते ध्यानात येत नाही आणि खिशातला फोन आपोआप डेटा वापरत राहतो. म्हणून जहाजावर चढतानाच त्यांना एअरप्लेन मोड लावायला आवर्जून शिकवा. जहाजाचे वाय-फाय पैसे भरून एअरप्लेन मोडमध्येही वापरता येते.