रानपिंगळ्याचे संदर्भ निम्मेच का सापडतात?

प्रश्न : मी शहाद्याला एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतेय. प्रकल्प सातपुड्यातल्या रानपिंगळ्यावर, म्हणजे एका छोट्या घुबडावर आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'झूलॉजिकल रेकॉर्ड' या प्राणिशास्त्रीय लेखांच्या शोधकोशात 'अथेने ब्लेविटी' हे त्याचं शास्त्रीय नाव टाकलं की मोजक्या नोंदी येतात. 'आउलेट*' (तारा म्हणजे पुढे काहीही चालेल) टाकलं की ढिगाने, त्यातही पतंगच जास्त. माझं काय चुकतंय?

उत्तर : पतंग येतात कारण नॉक्ट्युइडी कुळातल्या पतंगांना इंग्रजीत 'आउलेट मॉथ'च म्हणतात. शब्दाला 'अँड'ने (आणि) जोडून 'सुपर टॅक्सा' या वरच्या गटांच्या रकान्यात 'स्ट्रिजिडी' हे घुबडांचं कुळ टाका, पतंग गळून पडतील.

नोंदी कमी येण्याचं कारण पक्ष्याच्या नावात आहे. पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचं नाव 'हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी' ठेवलं. पुढे प्रजाती (जीनस, नावातला पहिला शब्द) बदलून 'अथेने' झाली, आणि आजही दोन्ही नावं वापरात दिसतात. 'ब्लेविटी' मात्र कायम आहे. म्हणून नुसतं 'ब्लेविटी' शोधा आणि त्याला 'ऑर'ने (किंवा) 'फॉरेस्ट आउलेट', 'फॉरेस्ट स्पॉटेड आउलेट' आणि 'ब्लेविट्स आउल' जोडा. प्रत्येक जोडनाव अवतरणचिन्हांत हवं, आणि 'ऑर'चा सगळा गट कंसात. कंस विसरलात तर 'अँड' आधी लागू होतो आणि भलतंच हाती येतं.

'खान्देश' किंवा 'धुळे' हे शब्द सुरुवातीला घालूच नका. जुन्या नोंदींना गोषवारा नसतो, आणि गावाचं नाव शीर्षकात क्वचितच असतं. शिवाय नंदुरबार जिल्हा 1998 चा. त्याआधीच्या लेखांत तळोदा, शहादा धुळ्यात आहेत, आणि धुळ्याचंही स्पेलिंग 'धुलिया' असं असतं. आधी पक्षी शोधा, गावांनुसार निवड लेख वाचताना करा.

ग्रंथपालांना एक नक्की विचारा : वर्गणी कोणत्या वर्षापासूनची आहे? हा कोश 1864 पासूनचा आहे, पण जुनी वर्षं वेगळी घ्यावी लागतात. ती नसतील तर जुने खंड 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'वर फुकट चाळता येतात. अगदी ताजे लेख चढायला वेळ लागतो, त्यामुळे 'इंडियन बर्ड्स' आणि 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' थेट त्यांच्या संकेतस्थळावर बघा.

नोंद मिळाली म्हणजे ती खरी ठरली, असं मात्र समजू नका. 1884 नंतर हा पक्षी दिसल्याची खात्रीची नोंद नव्हती. नोव्हेंबर 1997 मध्ये तो तुमच्याच शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मधली 1914 ची, गुजरातेतल्या मांडवीची नोंद ब्रिटिश पक्षिसंग्राहक माइनर्त्सहागेन यांची. तो नमुना त्यांनी चोरून खोट्या लेबलाने मिरवल्याचं पुढे सिद्ध झालं. कोश लेखांची यादी देतो, खरंखोटं पारखत नाही. म्हणून प्रत्येक जुन्या नोंदीचा मूळ लेख उघडा, आणि नमुना कोणी, कुठे, कधी गोळा केला ते 'झोटेरो' या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच नोंदीखाली लिहून ठेवा. वापरलेले शोधशब्द आणि शोधाची तारीखही तिथेच टिपा. प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात ती लागणारच आहेत.