बारा वर्षं लाइन सांभाळली, आता वर्कर म्हणून जायचं?

मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर असलेल्या एक बाई परदेशातल्या नोकरीबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे आल्या, त्या हातात एक पत्र घेऊनच. (त्यांच्या परवानगीने लिहितेय; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) अमेरिकेतल्या सीफूड कंपनीत ‘सीझनल प्रॉडक्शन सुपरवायझर’, एच-२बी व्हिसा (शेतीबाहेरच्या तात्पुरत्या कामासाठीचा), तीन वर्षांचा करार, कुटुंब सोबत, पुढे ग्रीन कार्ड. खाली पेनाने ‘सीट बुकिंग’ची रक्कम लिहिलेली, आणि पैसे भरायला आठवड्याची मुदत.

पत्र खरं की खोटं, हे त्यांनी विचारलंच नाही.

“मॅडम, बारा वर्षं लाइन सांभाळतेय मी. ग्रेडिंग, ग्लेझिंग, पॅकिंग, सगळं माझ्याकडे. एजंट म्हणतो, सुपरवायझरची सीट महाग पडेल, वर्करची स्वस्तात होईल. तिकडे गेल्यावर प्रमोशन मिळतंच. वर्कर म्हणून गेले तर इतक्या वर्षांचं काय? आणि नाही गेले तर ही संधी परत येईल का?”

अनुभवी माणसांकडून हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. क्षेत्र बदलतं, पण काळजी तीच: माझ्या अनुभवाला स्पॉन्सरशिप मिळेल का, की खालच्या पायरीवर उतरावं लागेल? यात पैशाचा प्रश्न आणि मानाचा प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. पैशाला मुदत होती, म्हणून आधी पत्र घेतलं.

तिसऱ्याच ओळीत ‘एलएमआयए अप्रूव्ह्ड’ असं लिहिलेलं होतं. एलएमआयए हा कॅनडाचा कागद आहे. तिथला मालक परदेशी कामगार आणण्याआधी तो काढतो. अमेरिकेच्या एच-२बीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तीन वर्षांच्या कराराचंही तसंच. एच-२बीमध्ये हंगामी गरज म्हणून मालकाला जास्तीत जास्त नऊ महिन्यांचं काम दाखवता येतं. तीन वर्षं ही या दर्जावर सलग राहण्याची कमाल मर्यादा आहे, आणि ती गाठायची तर वेगवेगळ्या मंजूर कामांवर मुदतवाढ घ्यावी लागते. एका हंगामाचा तीन वर्षांचा करार कोणी देऊ करत असेल, तर त्याने एकतर नियम वाचलेले नाहीत किंवा तुम्ही वाचले नसतील असं धरून चाललाय.

सगळ्यात मोठी गोष्ट ‘सीट बुकिंग’ची. नोकरी मिळवून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेणं एच-२बीच्या नियमांत निषिद्ध आहे, मग घेणारा मालक असो, त्याचा वकील असो की एजंट. असे पैसे घेतल्याचं उघड झालं तर मालकाचा अर्ज नाकारला किंवा रद्द केला जाऊ शकतो. म्हणजे पैसे भरून सीट पक्की होत नाही, असलेली सीटही धोक्यात येते. व्हिसाची सरकारी फी २०५ डॉलर आहे. ती तुम्ही आधी भरलीत तरी मालकाने कामाच्या पहिल्या आठवड्यातच परत द्यायची असते.

हे ऐकून बाईंचा चेहरा हलका होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. “म्हणजे सुपरवायझरला तिकडे बोलावतच नाहीत?” त्यांनी विचारलं.

बोलावतात, पण क्वचित. आणि त्याचं कारण त्यांच्या अनुभवात शोधून सापडणार नव्हतं. अनुभव दाखवला की परवाना मिळतो, असं आपण व्हिसाकडे बघतो. एच-२बीत पहिला प्रश्न मालकाला असतो: तुझी गरज तात्पुरती आहे का? हंगामी, ऐन गर्दीची, अधूनमधूनची किंवा एकदाच उद्भवणारी, यांपैकी एका प्रकारात ती बसवून दाखवावी लागते. मग त्या भागातला प्रचलित पगार ठरवून घ्यायचा, काम सुरू होण्याच्या ७५ ते ९० दिवस आधी अमेरिकेच्या कामगार खात्याकडे अर्ज करायचा, अमेरिकन कामगारांसाठी जाहिरात द्यायची आणि काम सुरू व्हायला २१ दिवस उरेपर्यंत जो पात्र अमेरिकन येईल त्याला घ्यायचं. त्यानंतर इमिग्रेशन खात्याकडे अर्ज, आणि तुमची मुलाखत त्याच्याही पुढे.

आता यात सुपरवायझर बसवून बघा. कारखाना बारमाही असेल तर लाइनला सुपरवायझर बाराही महिने लागतो. ती कायमची गरज झाली, मग तिथे एच-२बी येतच नाही. सुपरवायझरची जागा या व्हिसावर निघायची तर कारखाना, किंवा निदान ती पाळी, हंगामापुरतीच चालणारी हवी. म्हणून मी बाईंना म्हटलं, हुद्दा शोधू नका, हंगाम शोधा.

मासळीत असे हंगाम आहेत. अलास्काच्या ब्रिस्टल बेमध्ये सॉकआय सामन माशांची मुख्य आवक जूनअखेर ते जुलै. मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावर, हूपर्स आयलंडच्या आसपास, खेकडे सोलणारी छोटी ‘क्रॅब हाउसेस’ आहेत. तिथे बहुतेक मेक्सिकोतून आलेल्या बायका काम करतात, आणि त्यातल्या कित्येक वर्षानुवर्षं त्याच मालकाकडे परततात. लुइझियानात क्रॉफिशचा (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) हंगाम साधारण वर्षाच्या पहिल्या सहामाहीत. एक गोष्ट तर बाईंना पटेचना: वर्षाकाठी ६६,००० एच-२बी व्हिसांची जी कमाल मर्यादा आहे, तिच्यातून माशांच्या अंड्यांवर प्रक्रिया करणारे, त्यातले तंत्रज्ञ आणि त्या कामाचे सुपरवायझर वगळलेले आहेत. कायद्यात ‘सुपरवायझर’ असा शब्द नावानिशी आलाय, तोही त्यांच्याच धंद्यात! मात्र ते काम फार बारकाईचं असतं आणि बाईंनी ते केलेलं नव्हतं. तेव्हा ही वाट त्यांच्यासाठी उघडी आहे असं मी म्हटलं नाही.

बाकीच्यांना ६६,००० चीच रांग. त्यातले ३३,००० ऑक्टोबर ते मार्चमध्ये सुरू होणाऱ्या कामांना, ३३,००० एप्रिल ते सप्टेंबरच्या कामांना. १ एप्रिलला सुरू होणाऱ्या कामांचे अर्ज जानेवारीच्या पहिल्या तीन दिवसांतच इतके येतात की कामगार खातं सोडत काढून त्यांचे गट पाडतं. २०१८ साली मेरीलँडची कित्येक क्रॅब हाउसेस व्हिसाच्या सोडतीत मागे पडली आणि कामगारांवाचून राहिली. मालक सच्चा, पत्र खरं, तुम्ही पात्र, तरी हंगाम हुकू शकतो. सरकार जादा व्हिसा काढतं, २०२५ च्या आर्थिक वर्षासाठी ६४,७१६ काढले होते, पण त्यातला मोठा हिस्सा आधी येऊन गेलेल्या कामगारांसाठी राखीव होता.

“मग एजंट म्हणतो भारतासाठी कोटा उघडलाय, ते?” यात थोडं तथ्य आहे. पूर्वी या व्हिसासाठी पात्र अशा ठरावीक देशांची यादी होती आणि भारत तिच्यात नव्हता. १७ जानेवारी २०२५ पासून ती यादीच रद्द झाली. म्हणजे अडसर गेला, एवढंच. मूळ ६६,००० मध्ये भारताचा वेगळा वाटा वगैरे काही नाही.

मग आम्ही दोघींनी कामगार खात्याचं ‘सीझनलजॉब्स’ हे संकेतस्थळ उघडलं. एच-२ए आणि एच-२बीच्या जाहिराती तिथे येतात, बघायला पैसे लागत नाहीत. त्यांनी आधी ‘सुपरवायझर’ टाइप केलं आणि तुरळक निकाल बघून हिरमुसल्या. मग मी ‘सीफूड’ टाकायला सांगितलं, आणि एक जाहिरात आम्ही ओळीओळीने वाचली. वर केस नंबर, एच-२बीचा असेल तर सुरुवात ‘एच-४००’ने. त्यापुढच्या पाच आकड्यांत आधी वर्ष, मग वर्षातला दिवस. बाईंच्या पत्रात असा नंबरच नव्हता. मग काम सुरू आणि बंद होण्याच्या तारखा, किती माणसं हवीत, तासाचा दर, आठवड्याचे तास, किती महिन्यांचा अनुभव, पगारातून काय कापणार. घराच्या ओळीवर मी मुद्दाम थांबले. शेतीच्या एच-२एमध्ये मालकाला राहण्याची सोय फुकट द्यावी लागते, एच-२बीमध्ये तशी सक्ती नाही. भाडं कापलं जाणार असेल तर ते जाहिरातीत लिहिलेलं असतं.

तासांचा हिशेब मात्र त्यांनी स्वतःच काढला. मासळी आली नाही तर लाइन बंद, हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं. नियम असा की दर बारा आठवड्यांच्या टप्प्यात, आणि काम १२० दिवसांहून कमी असेल तर दर सहा आठवड्यांच्या, कबूल केलेल्या तासांपैकी तीन चतुर्थांश तासांचं काम किंवा तेवढा पगार मालकाने द्यायचाच. कागदावर फोनच्या कॅल्क्युलेटरने आकडे मांडत त्या म्हणाल्या, “हे तरी बरंय. आमच्याकडे ‘आज गाडी नाही, घरी जा’ म्हणतात.” जायचा प्रवासखर्चही अर्धा कालावधी पुरा केल्यावर मालकाने भरून द्यायचा असतो, आणि पूर्ण केल्यावर परतीचा.

आता मानाचा प्रश्न. ‘वर्कर म्हणून जा, तिकडे सुपरवायझर करतील’ हे आश्वासन मला पैशांच्या मागणीइतकंच खटकतं. मंजुरी ज्या कामाची आणि ज्या पगाराची, तेच काम करायचं असतं. सोलणारी म्हणून आणून लाइन चालवायला लावली, तर जबाबदारी वाढते आणि कागदावरचा दर तोच राहतो. त्याच मालकाला पुढच्या हंगामात सुपरवायझरची गरज हंगामी म्हणून दाखवता आली, तर तो वेगळा अर्ज करू शकतो. ती बढती खरी, पण ती पुढच्या हंगामाची.

मी त्यांना विचारलं, समजा सुपरवायझरची जागा मिळालीच नाही, तर सहा महिने लाइनवर उभं राहायची तुमची तयारी आहे का? एजंट नाही, घरचे नाहीत, फक्त तुम्ही. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “उभं राहायचं काही वाटत नाही हो. माझ्यापेक्षा कच्च्या माणसाने मला शिकवलेलं चालणार नाही.” मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं. आजवर अडचण ‘इतक्या वर्षांचं काय’ अशी मांडली जात होती, खरी अडचण ही होती. त्यावर उपदेश करण्यात अर्थ नव्हता. ज्याला हे चालणार नाही त्याने वर्करच्या जागेला अर्ज करू नये, इतकं ते सरळ आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

त्यानुसार आम्ही बायोडेटा बदलला. ‘बारा वर्षांचा अनुभव’ खाली गेला. वर आलं ते हॅसॅपचं, म्हणजे अन्नातले धोके ओळखून रोखण्याच्या पद्धतीचं प्रशिक्षण, कारण अमेरिकेतल्या मासळी प्रक्रियेत हॅसॅप बंधनकारक आहे आणि त्याच्या ठरावीक कामांना प्रशिक्षित माणूस लागतो. त्याखाली एका पाळीत हाताखाली किती माणसं, कुठली यंत्रं, यील्ड (कच्च्या मालातून निघणारा तयार माल) किती राखला, रिजेक्शन किती. स्पॅनिश येत नाही, हेही लिहायला लावलं. तिथल्या लाइनवर मेक्सिकोची माणसं मोठ्या संख्येने असतात, मालक हे विचारणारच. लपवून उपयोग नाही.

बाईंनी एजंटला पैसे दिले नाहीत. एवढंच कळवलं की मालकाचं नाव, केस नंबर आणि मालकाशी झालेला लेखी करार पाठवा. एच-२बीसाठी परदेशात भरती करणाऱ्यांची यादी कामगार खातं जाहीर करतं, तिच्यात तुमचं नाव कुठे आहे तेही सांगा. त्यावर काही उत्तर आलं नाही.

जाहिराती बघून त्यांनी स्वतः थेट मालकांना लिहिलं. बहुतेकांकडून काही आलं नाही. ते अपेक्षितच होतं, कारण जुने कामगार परत येत असताना नवा माणूस कोण शोधेल? एका कंपनीने व्हिडिओवर बोलणं केलं आणि स्पष्ट सांगितलं, सुपरवायझर आमच्याकडे बारमाही आहे. लाइनवर जागा आहे, पण अर्ज सोडतीत कुठल्या गटात पडेल ते हातात नाही. बाईंनी विचार करायला चार दिवस मागितले आणि नकार कळवला.

नकार कळवल्यावर त्यांचा फोन आला. आवाजात चिडचिड होती, थोडी माझ्यावरही असावी. कुटुंब नेण्याचं त्यांनी पुन्हा विचारलं. नवरा आणि मुलं एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर जाऊ शकतात, पण त्यांना तिथे काम करता येत नाही. शिवाय तुम्ही परत येणार, हे मुलाखतीत पटवून द्यावं लागतं. घरदार सगळं घेऊन निघालेल्या माणसाला ते पटवणं जड जातं. “मग एकटीच जायचं,” त्या म्हणाल्या. सध्या त्या फक्त दोन प्रकारच्या जाहिराती बघतात: सुपरवायझर किंवा क्वालिटी कंट्रोल, आणि मुदत सहा महिन्यांच्या आत, कारण धाकट्याची दहावी आहे. पत्रव्यवहार त्या सप्टेंबरातच सुरू करणार आहेत, मालक जानेवारीच्या अर्जाची तयारी करतात तेव्हा.